दादोबा पांडुरंग तर्खडकर : व्याकरणकर्ता आणि सभासंस्थापक

१

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा विचार करताना आपण त्या काळातील माणसांची विभागणी सामान्यतः सुधारक आणि सनातनी अशा दोन गटांत करतो. वर्गात शिकवण्याच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असली, तरी एखाद्या व्यक्तीच्या चरित्रात शिरले की ती अपुरी वाटू लागते. नव्याचा स्वीकार करणारा माणूस जीवनाच्या सर्वच क्षेत्रांत तो सारख्याच रीतीने करतो असे नाही. एका क्षेत्रात तो उघडपणे पुढे येतो, दुसऱ्या क्षेत्रात दार लावून घेतो, आणि तिसऱ्या क्षेत्रात जुन्याचाच नव्याने अर्थ लावत बसतो. त्याने स्थापन केलेल्या संस्थांतही हे भेद उतरतात. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

मराठी भाषेचे पाणिनी म्हणून दादोबांचा गौरव केला जातो. मराठी व्याकरणाच्या इतिहासात त्यांचे स्थान निश्चित आहे. धर्मसुधारणेच्या इतिहासात मात्र सुरतेची मानवधर्म सभा आणि मुंबईची परमहंस सभा यांच्या संदर्भात त्यांचा उल्लेख होतो, आणि तो बहुधा प्रार्थना समाजाच्या इतिहासाची प्रस्तावना म्हणूनच होतो. व्याकरणाचा अभ्यासक सभेकडे पाहत नाही आणि सभेचा अभ्यासक व्याकरणाकडे वळत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही कार्यांचा एकत्र विचार करण्याचा प्रयत्न आहे. दादोबांचे व्याकरण त्यांच्या हयातीत अनेकदा सुधारले गेले आणि टिकले. त्यांच्या विचारांवर उभी राहिलेली गुप्त सभा मात्र दहाबारा वर्षांत मोडली. एकाच माणसाच्या दोन कार्यांचे असे भिन्न परिणाम का झाले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे, म्हणून तर्खडकर. पेशवाई संपण्यास अद्याप चार वर्षे होती. परंतु मुंबई बेट त्यापूर्वीच दीडशे वर्षे इंग्रजांच्या ताब्यात होते. त्यामुळे दादोबांच्या पिढीतील मुंबईकर मुलांना राज्यक्रांतीचा धक्का पुणेकरांप्रमाणे बसला नाही. त्यांच्या वाट्याला आलेले परिवर्तन निराळे होते. ते शाळेतून, छापखान्यातून आणि मिशनऱ्यांच्या व्याख्यानांतून हळूहळू घरात येत होते.

तर्खडकरांचे कुळ वैश्य. घरात भक्तिमार्गाचे वातावरण होते आणि पोथीवाचनाचा परिपाठ होता. या संस्काराची खूण दादोबांच्या उत्तरायुष्यातील लेखनात स्पष्ट दिसते. पंतोजींच्या शाळेतील प्रारंभिक शिक्षणानंतर ते बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या इंग्रजी शाळेत गेले. देशी भाषांतून पाठ्यपुस्तके तयार करणे आणि शाळा चालवणे हे या संस्थेचे कार्य १८२२ पासून सुरू होते. याच वातावरणात बाळशास्त्री जांभेकर पुढे आले आणि ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ निघाले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी भाषा ही शिकवण्याची, मोजमाप करण्याची आणि नियमांत बसवण्याची वस्तू आहे, ही जाणीव या दशकात प्रथमच व्यापक प्रमाणावर निर्माण झाली.

तर्खडकर बंधूंपैकी तिघांची नावे इतिहासात राहिली, आणि तिघांनीही बदलत्या परिस्थितीला वेगवेगळ्या प्रकारे प्रतिसाद दिला. भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये ‘बाँबे गॅझेट’मध्ये टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजी राज्याच्या आर्थिक पिळवणुकीवर कठोर टीका केली. आत्माराम पांडुरंग डॉक्टर झाले आणि पुढे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झाले. दादोबा शिक्षक झाले. एकाच घरातील तीन भावांनी राज्य, धर्म आणि भाषा या तीन क्षेत्रांना हात घातला, ही गोष्ट त्या काळातील मुंबईविषयी बरेच काही सांगून जाते.

३

‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा दादोबांचे वय बावीस वर्षांचे होते. मराठीचे व्याकरण लिहिण्याचा हा पहिलाच प्रयत्न नव्हे. विल्यम केरीचे व्याकरण १८०५ मध्ये आले होते. पण ते परकीयांना मराठी शिकता यावी म्हणून इंग्रजीत लिहिलेले होते. मराठी मुलांनी मराठीतून मराठीचे व्याकरण शिकावे ही कल्पनाच नवी होती. तिची निकड अनेकांना एकाच वेळी जाणवत होती, याचा पुरावा म्हणजे त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकर आणि गंगाधरशास्त्री फडके यांचीही व्याकरणे निघाली.

या कार्यात एक सामाजिक बाजूही होती. व्याकरण हा शास्त्री-पंडितांचा विषय मानला जाई आणि व्याकरण म्हणजे संस्कृतचे व्याकरण असेच समजले जाई. प्राकृत जनांच्या बोलीला नियम असतात, आणि ते नियम एक वैश्य तरुण इंग्रजी शाळेत शिकून सांगू शकतो, हे दोन्ही विचार तत्कालीन विद्वानांच्या अंगवळणी पडलेले नव्हते.

दादोबांपुढे दोन आदर्श होते. इंग्रजी शाळेत शिकवल्या जाणाऱ्या व्याकरणाची पद्धत एका बाजूला आणि संस्कृत व्याकरणपरंपरा दुसऱ्या बाजूला. शब्दांच्या जातींची विभागणी करताना त्यांनी इंग्रजी पद्धतीचा आधार घेतला. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद ही विकारी आणि क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी ही अव्यये, असा जो आठ जातींचा परिपाठ आजही शाळेत चालतो, तो त्यांच्या व्याकरणामुळे रूढ झाला. विभक्ती आणि प्रयोग यांच्या बाबतीत मात्र त्यांनी संस्कृतचा मार्ग धरला. ही तडजोड पूर्णपणे निर्दोष नव्हती. एका भाषेसाठी तयार झालेला साचा दुसऱ्या भाषेला लावला की काही ठिकाणी तो सैल पडतो आणि काही ठिकाणी आवळतो. मराठीच्या विभक्तिप्रत्ययांना संस्कृतच्या चौकटीत बसवताना हीच अडचण आली, आणि पुढील शंभर वर्षे मराठी वैयाकरण तिच्याशी झगडत राहिले.

तथापि दादोबांनी आपले पुस्तक एकदा लिहून संपले असे मानले नाही. १८५० मध्ये त्यांनी दुसरी आवृत्ती काढली ती पहिलीचे पुनर्मुद्रण नव्हती. ग्रंथ बराच सुधारलेला आणि वाढवलेला होता. तिसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. शाळकरी मुलांसाठी ‘मराठी लघु व्याकरण’ १८६५ मध्ये आले. चौदा वर्षांच्या अध्यापनात जे अनुभवास आले, त्याच्या आधारे स्वतःचेच विवेचन बदलण्याची ही वृत्ती लक्षणीय आहे.

टीकाही झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘शालापत्रका’तून मराठी व्याकरणावर जे निबंध लिहिले, त्यांत दादोबांच्या मतांची कसोशीने तपासणी केली. कृष्णशास्त्र्यांची संस्कृत व्याकरणातील गती मोठी होती आणि त्यांची टीका सौम्य नव्हती. परंतु या टीकेने दादोबांचे व्याकरण बाद झाले नाही. उलट मराठी व्याकरणाची एक चर्चापरंपराच तिच्यातून निर्माण झाली. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर ही सगळी वादपरंपरा मांडलेली होती. दादोबांचे पुस्तक छापलेले होते, शाळाशाळांतून वाचले जात होते. म्हणूनच त्यातील चुका दाखवता आल्या, आणि म्हणूनच त्या दुरुस्त करता आल्या.

४

मध्यंतरी जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून काही काळ माळव्यात आणि त्यानंतर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये काम केल्यावर दादोबा सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत गेले. सुरत हे त्या वेळी उतरती कळा लागलेले व्यापारी शहर होते. तेथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहता या गुजराती शाळेतील शिक्षकाशी पडली. दुर्गाराम मेहताजी या नावाने ते ओळखले जात. जातिभेद, विधवांची दुःस्थिती, मंत्रतंत्र आणि भूतपिशाच यांवरील विश्वास या सर्वांविरुद्ध बोलणारा हा निर्भय मनुष्य होता. दोघांनी काही समविचारी मित्रांसह २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभेची स्थापना केली.

सभेच्या मतांचा पाया दादोबांनी घातला होता. ईश्वर एक आहे. मनुष्यमात्राची जात एक आहे. सर्वांचा धर्म एक आहे. माणसाची योग्यता कुळावरून ठरत नाही, ती गुणांवरून ठरते. आणि वर्तन विवेकाला धरून असावे, हा त्या मतांचा सारांश. हेच विचार त्यांनी ‘धर्मविवेचन’ या ग्रंथात विस्ताराने मांडले. ग्रंथाचे लेखन सुरतेच्या काळातील असले, तरी तो छापून निघाला १८६८ मध्ये, आणि तोही ‘एक जगद्वासी आर्य’ या टोपणनावाने. या गोष्टीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

सुरतेच्या सभेचे वैशिष्ट्य हे की ती उघड होती. तिच्या बैठकांना कोणीही येऊ शके. मंत्रसामर्थ्याचा दावा करणाऱ्या मांत्रिकांना तिने जाहीर आव्हाने दिली. दुर्गारामांनी सभेच्या कामकाजाची टिपणे ठेवली आणि महीपतराम रूपराम यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुर्गारामांच्या चरित्रातून ती आपल्यापर्यंत पोचली. म्हणजे ज्या सभेने काही लपवले नाही, तिचे बोलणे आज वाचता येते.

परंतु या सभेतही एक उणीव होती. तिचे आधारस्तंभ सरकारी शिक्षक होते आणि सरकारी नोकराची बदली होते. १८४६ मध्ये दादोबा मुंबईस परतले. १८५२ मध्ये दुर्गारामांची बदली राजकोटला झाली. त्यानंतर सभेचे काम थांबले. दोन माणसे निघून गेल्यावर जी संस्था चालत नाही, तिला संस्था म्हणावे की मित्रमंडळ, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पण सुरतेच्या सभेचा शेवट भीतीने झाला नाही, हेही त्याबरोबरच नोंदवले पाहिजे.

५

मुंबईस परतलेल्या दादोबांना बदललेले शहर भेटले. बाळशास्त्री जांभेकर १७ मे १८४६ रोजी ऐन तारुण्यात निवर्तले होते आणि शिक्षक तयार करण्याचे त्यांचे काम दादोबांकडे आले. त्याहून महत्त्वाचा बदल लोकांच्या मनःस्थितीत झाला होता. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे मुंबईत मोठी खळबळ उडाली होती. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने धर्मांतर केले. त्याचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाच्या निर्णयाने तो वडिलांच्या स्वाधीन झाला. या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावरून जो वाद पेटला, त्यात बाळशास्त्र्यांनी शुद्धीची बाजू घेतली. परिणामी त्यांच्यासारख्या सर्वमान्य विद्वानालाही बहिष्काराची झळ सोसावी लागली.

बहिष्कार या शब्दाची धार आज आपल्याला पुरती जाणवत नाही. जातीबाहेर पडलेल्या माणसाच्या घरी भटजी येत नसे, मुलामुलींची लग्ने जुळत नसत आणि मृताला खांदा द्यायलाही माणसे मिळत नसत. शिक्षा एकट्याला होत नसे, ती साऱ्या कुटुंबाला भोगावी लागे. बाळशास्त्र्यांचे उदाहरण मुंबईतील प्रत्येक शिकलेल्या तरुणाच्या डोळ्यांसमोर होते.

या परिस्थितीत दादोबांचा दोन संस्थांशी जवळजवळ एकाच वेळी संबंध आला. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या पुढाकाराने स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन झाली. तिची मराठी शाखा म्हणून उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा निघाली आणि दादोबा तिचे अध्यक्ष झाले. या सभेत निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून निघू लागले आणि सतरा वर्षे चालले. मराठी निबंधवाङ्मयाच्या घडणीत त्याचा वाटा मोठा आहे. भूगोल, सृष्टिशास्त्र, इतिहास, नीती यांविषयी नवे विचार मांडायला येथे कोणाचीच आडकाठी नव्हती.

दुसरी संस्था परमहंस सभा. ती १८४९ च्या सुमारास स्थापन झाली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष होते. दादोबा हे तिचे वैचारिक गुरू; सभेची मते ‘धर्मविवेचना’तील मतांशी जुळणारी होती आणि सभेत म्हणण्याच्या प्रार्थना दादोबांनी रचलेल्या होत्या. सभासद होणाऱ्याला जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करावी लागे. ती केवळ तोंडी राहू नये म्हणून पाव खाण्याचा विधी होता. ख्रिस्ती भटारखान्यातील पाव खाणे म्हणजे जात बाटणे, अशी त्या काळची समजूत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या विधीचे गांभीर्य ध्यानात येते. सर्व जातींचे सभासद एकत्र बसून जेवत. सभेच्या शाखा मुंबईबाहेरही निघाल्या होत्या.

हे सर्व गुप्तपणे चाले. सभासदांची संख्या पुरेशी वाढली, ती हजारापर्यंत गेली, म्हणजे सर्वांनी एकदम प्रकट व्हावयाचे, असा संकल्प होता. एकट्यादुकट्यावर बहिष्कार घालता येतो, हजार कुटुंबांवर घालता येणार नाही, हा त्यामागील हिशेब. हिशेब म्हणून तो चुकीचा म्हणता येणार नाही. श्रीपत शेषाद्री प्रकरणातून त्या पिढीने घेतलेला तो व्यवहारी धडा होता. म्हणून परमहंस सभेच्या गुप्ततेला सरसकट भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

सुरतेत उघड सभा घेणारे दादोबा मुंबईत गुप्त सभेचे गुरू कसे झाले, याचे एक कारण या धड्यात सापडते. दुसरे कारण अनुमानानेच सांगावे लागते. सुरतेत ते परप्रांतातून आलेले अधिकारी होते. तेथील जातपंचायतीची सत्ता त्यांच्यावर चालत नव्हती. मुंबई हे त्यांचे घर होते. जातभाई, सोयरेधायरे, कुलाचार हे सर्व येथे होते. परक्या गावात परिवर्तनाची भाषा बोलणे आणि आपल्या घरात ते आचरणे यांत जे अंतर असते, ते दादोबांच्या या दोन सभांमध्ये दिसते.

६

१८५२ मध्ये दादोबांनी शिक्षणखाते सोडले आणि डेप्युटी कलेक्टर म्हणून ते अहमदनगरला गेले. १८५७ च्या धामधुमीच्या काळात भिल्लांच्या बंडाचा बंदोबस्त करण्यात त्यांनी केलेल्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. ज्या इंग्रजी राज्यावर भास्कर पांडुरंगांनी टीकेचे कोरडे ओढले, त्या राज्याचे दादोबा निष्ठावंत अधिकारी होते. मनुष्यमात्राची जात एक मानणाऱ्या विचारवंताने बंडखोर भिल्लांकडे केवळ बंदोबस्ताच्या दृष्टीने पाहिले, ही विसंगती चरित्रकाराने झाकण्याचे कारण नाही. त्या पिढीच्या परिवर्तनदृष्टीला ज्या मर्यादा होत्या, त्यांपैकी ही एक.

इकडे मुंबईत सभेची वाढ होत होती, पण ठरवलेली हजाराची संख्या दूरच होती. गुप्त संस्थेची अडचण अशी की तिला वाढण्यासाठी माणसे हवीत, आणि प्रत्येक नव्या माणसाबरोबर गुपित फुटण्याचा धोकाही वाढतो. उघड व्हायचे तर संख्या हवी आणि संख्या हवी तर उघड व्हायला हवे, या पेचातून सभेला वाट सापडली नाही. शिवाय सभासद घरी गेल्यावर आपापल्या जातीचे आचार पूर्ववत पाळत. सभेत एक आणि घरी दुसरे, असे जीवन वर्षानुवर्षे जगणे अनेकांना जड गेले असावे. बाबा पदमनजी हे या सभेचे एक सभासद. त्यांनी १८५४ मध्ये उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परमहंस सभेच्या अंतर्गत व्यवहाराची महत्त्वाची माहिती त्यांच्या ‘अरुणोदय’ (१८८४) या आत्मचरित्रातून मिळते.

१८६० च्या सुमारास सभेची नोंदवही नाहीशी झाली. तीत सभासदांची नावे होती. ती आता प्रसिद्ध होणार, या भीतीने सभासद पांगले आणि सभा मोडली. ती मोडण्यासाठी शास्त्रीपंडितांना सभा भरवावी लागली नाही की वाद घालावा लागला नाही. संस्थेचे सारे बळ गुप्ततेवर असल्यामुळे एक वही हातची जाताच ते संपले.

संशोधकाच्या दृष्टीने या घटनेची दुसरीही बाजू आहे. ती नोंदवही आज आपल्यापुढे नाही. सभासद किती होते, कोणत्या जातींचे होते, त्यांपैकी पुढे कोणी काय केले, या प्रश्नांची नेमकी उत्तरे तिच्यातच मिळाली असती. परिणामी सभेचा इतिहास आपल्याला बाहेर पडलेल्या माणसाच्या आठवणींवरून आणि ऐकीव माहितीवरून जुळवावा लागतो. बाबा पदमनजींचा प्रामाणिकपणा मान्य करूनही, धर्मांतरानंतर तीस वर्षांनी लिहिलेल्या आत्मचरित्रात जुन्या सभेचे चित्र कोणत्या दृष्टीने रंगवले जाईल, याचे भान ठेवावे लागते.

स्वतः दादोबांनीही आत्मचरित्र लिहिले. अ. का. प्रियोळकर यांनी परिश्रमपूर्वक संपादित करून ते १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. बालपण, शाळा, सुरतेचे दिवस यांचे त्यातील वर्णन प्रसन्न आणि मोकळे आहे. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान वरचे आहे. परंतु हे आत्मचरित्र १८४६ च्या सुमारास, म्हणजे परमहंस सभेच्या स्थापनेपूर्वीच थांबते. हे मौन हेतुपुरस्सर होते असे म्हणण्यास आधार नाही. मात्र आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने ज्या काळाविषयी त्यांचे स्वतःचे म्हणणे सर्वाधिक मोलाचे ठरले असते, तोच काळ त्यात नाही.

७

सभा मोडली तरी तीत वावरलेली माणसे नाहीशी झाली नाहीत. १८६४ मध्ये केशवचंद्र सेन मुंबईस आले आणि त्यांच्या व्याख्यानांनी या मंडळींत पुन्हा चैतन्य आले. ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाजाची स्थापना झाली. अध्यक्ष होते दादोबांचे धाकटे बंधू आत्माराम पांडुरंग. विद्यार्थिदशेत परमहंस सभेच्या संपर्कात आलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि त्यांच्याबरोबर महादेव गोविंद रानडे हे पुढे समाजात आले आणि त्याला वैचारिक भारदस्तपणा आला.

प्रार्थना समाज पहिल्या दिवसापासून उघड होता. उपासना जाहीरपणे होत, व्याख्याने होत, आणि पुढे ‘सुबोधपत्रिका’ हे मुखपत्रही निघाले. परमहंस सभेच्या अनुभवातून संस्थापकांनी हा धडा घेतला होता. पण त्यांनी आणखीही एक धडा घेतला, आणि त्याची चर्चा तुलनेने कमी होते. समाजाच्या सभासदत्वासाठी जातिभेद मोडण्याची अट ठेवण्यात आली नाही. एकेश्वरी उपासना आवश्यक, जातीचा त्याग ज्याच्या त्याच्या विवेकावर, असे धोरण ठरले. परमहंस सभेने अट कडक ठेवली आणि दार बंद ठेवले. प्रार्थना समाजाने दार उघडले आणि अट सैल केली. पहिली संस्था दहाबारा वर्षांत संपली, दुसरी दीर्घकाळ टिकली. परंतु टिकून राहण्यासाठी दिलेली किंमत लहान नव्हती. सर्व जातींनी एका पंक्तीला बसावे, ही परमहंस सभेची प्रतिज्ञा मुंबईच्या सुशिक्षित वर्गाच्या कार्यक्रमातून मागे पडली.

या दोन पर्यायांखेरीज तिसराही पर्याय होता काय, हा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. अट कडक आणि दार उघडे, असा तो पर्याय. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८४८ पासून शाळा चालवताना आणि पुढे १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापताना तो स्वीकारला. त्यासाठी त्यांना घर सोडावे लागले, लोकनिंदा सोसावी लागली. मुंबईच्या मंडळींनी तो मार्ग धरला नाही. त्यांची सामाजिक स्थिती, सरकारी नोकऱ्या आणि ज्ञातिसंबंध पाहता त्याची कारणे समजू शकतात. तथापि तो मार्ग त्या काळात अशक्य होता, असे मात्र म्हणता येणार नाही.

८

दादोबांच्या उत्तरायुष्यातील लेखन पाहिले की त्यांच्या मनातील ओढाताण अधिक स्पष्ट होते. १८६५ मध्ये त्यांनी मोरोपंतांच्या ‘केकावली’वर विस्तृत टीका लिहिली आणि आपल्या मातापित्यांच्या नावांवरून तिला ‘यशोदापांडुरंगी’ हे नाव दिले. मूर्तिपूजेपलीकडच्या एकेश्वरवादाचा पुरस्कर्ता पंत कवीच्या सगुणभक्तीच्या काव्यावर प्रेमाने टीका लिहितो, आणि ती लिहिताना बालपणच्या घराचे स्मरण जागवतो, यात त्यांच्या समकालीनांना विरोध दिसला असेल. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र येथे वेगळे काही दिसते. नव्या इंग्रजी पद्धतीने शिकलेल्या मनाने जुन्या मराठी काव्याचे अर्थविवेचन करण्याचा हा एक महत्त्वाचा आरंभीचा प्रयत्न आहे. व्याकरणकाराची शब्दनिष्ठा आणि भाविकाची आर्तता यांचा तीत मेळ पडला आहे.

१८७८ मध्ये स्वीडिश गूढवादी विचारवंत स्वीडनबॉर्ग यांच्या ग्रंथांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. परमहंस सभेतील प्रार्थनांचे पुस्तक ‘पारमहंसिक ब्राह्मधर्म’ १८८० मध्ये छापले गेले, म्हणजे सभा मोडल्यानंतर वीस वर्षांनी. बंद दाराआड म्हटलेली पदे अखेर पुस्तकरूपाने उघडी झाली. पण तोपर्यंत ती म्हणणारी सभाच उरली नव्हती. ‘धर्मविवेचना’चीही तीच कथा. हा ग्रंथ लिहिला तेव्हाच लेखकाच्या नावानिशी प्रसिद्ध झाला असता, तर त्यावर वाद झाले असते, खंडन-मंडन झाले असते, कदाचित लेखकाला त्रासही झाला असता. मराठीतील धर्मचिंतनाच्या इतिहासात तो एक वादाचा आरंभबिंदू ठरला असता. जवळजवळ पाव शतकानंतर टोपणनावाने आला तेव्हा प्रार्थना समाज स्थापन होऊन वर्ष झाले होते आणि त्यातील मते नवी राहिली नव्हती.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबांचे निधन झाले.

९

दादोबांच्या दोन कार्यांची तुलना करून एक निष्कर्ष काढता येतो. व्याकरणाच्या क्षेत्रात त्यांनी आपले म्हणणे नावानिशी लोकांपुढे ठेवले, स्वतः सुधारले आणि इतरांना सुधारू दिले. त्यामुळे त्यातील दोषही उपयोगी पडले. पुढच्या वैयाकरणांना विचार करण्यासाठी त्यांनी विषय पुरवले. धर्म आणि जात यांच्या क्षेत्रात त्यांची मते अधिक धाडसी होती, पण ती झाकलेली राहिली. झाकलेल्या मतांवर टीका होत नाही, म्हणून त्यांची सुधारणाही होत नाही, आणि त्यांचे वारसही तयार होत नाहीत.

याचा अर्थ दादोबांना दोष देऊन मोकळे व्हावे असा नाही. व्याकरणातील चुकीबद्दल कृष्णशास्त्री चिपळूणकर निबंध लिहीत. पाव खाल्ल्याबद्दल जात मुलाबाळांसह घराबाहेर काढी. दोन क्षेत्रांतील धोका सारखा नव्हता, आणि माणसाचे धैर्य धोक्याच्या प्रमाणातच मोजले पाहिजे. ज्या समाजाने भाषेच्या नियमांची चर्चा मोकळेपणाने होऊ दिली, त्याच समाजाने पंक्तिव्यवहाराच्या नियमांची चर्चा बंद खोलीत ढकलली. परमहंस सभेचे अपयश हे म्हणूनच तिच्या सभासदांइतकेच तिच्याभोवतालच्या समाजाचेही अपयश आहे.

आज दादोबांचे व्याकरण शाळेत कोणी वाचत नाही, पण शब्दांच्या आठ जाती पाठ करणारा प्रत्येक मराठी विद्यार्थी त्यांच्या ऋणात असतो. परमहंस सभेच्या सभासदांची नावे मात्र आपल्याला पुरती सांगता येत नाहीत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दादोबांची नोंद व्याकरणकार म्हणून होते आणि समाजसुधारणेच्या इतिहासात सभासंस्थापक म्हणून. या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या, तरच त्या माणसाचा आणि त्याच्या काळाचा पूर्ण परिचय होईल.